तेवीसचा पाढा

साडू हा नातेवाइकांतला असा प्रकार आहे, की त्याच्याशी आपली तुलना व्हावी म्हणून आपल्याला काहीच करावं लागत नाही. बायको पुरेशी असते. माझे साडू मूळचे सांगलीचे आणि आता दुबईचे. मी मूळचा साताऱ्याचा आणि आताही साताऱ्याचाच. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि परदेशप्रवास म्हणून वर्षातून दोनदा सासुरवाडीला, म्हणजे सांगलीला जात राहिलो.

"दाजी, एकदा या की! पोरांना मॉल तरी दाखवा," असं साडू दर फोनला म्हणायचे. शेवटी मे २०२३ मध्ये मुलांच्या नावाचं रिकरिंग मोडून आम्ही चौघं खरोखरच निघालो. बँकेच्या प्रवास सवलतीत परदेश बसत नाही, हे जाणकारांना सांगायला नकोच.

निघण्यापूर्वी मी मुलांची शिकवणी घेतली. दिऱ्हम हा डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला तीन दिऱ्हम सदुसष्ट फिल्स, त्यात फरक नाही. आपला रुपया मात्र कशाला बांधलेला नसल्यामुळे घसरायला मोकळा आहे. त्या वेळी एका दिऱ्हमला साडेबावीस रुपये पडत होते. पण देणं नेहमी वर धरावं, ही माझी चोवीस वर्षांच्या नोकरीची कमाई. म्हणून मी तेवीस ठरवले. "काही मागायचं असेल तर आधी तेवीसनं गुणायचं, मग मागायचं!" धाकट्याचा तेवीसचा पाढा विमानतळावर तयार झाला. कन्या सहावीत, तिला तो येतच होता.

दुबईत गेल्यावर कळलं, की तिथं मॉल ही खरेदीची जागा नाही, ती राहायची जागा आहे. साडूंची मुलं मॉलमध्येच खेळतात, मॉलमध्येच केस कापतात आणि त्यांचे वाढदिवसही मॉलमध्येच होतात. बाहेर चाळीस अंशांचं ऊन. करतील काय बिचारी? आमच्या साताऱ्यात लोक संध्याकाळी चारभिंतीवर वारं खायला जातात. नाव चारभिंती, पण डोक्यावर सगळं आभाळ. तिथं नाव काहीही असो, फिरायचं ते चार भिंतींच्या आतच.

दुबई मॉल २००८ साली उघडला. आत बाराशेच्या वर दुकानं. मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंतचं सगळं सातारा उचलून आत ठेवलं, तर आमचे व्यापारी एकमेकांचे पत्ते विचारत फिरतील. मेट्रोच्या स्टेशनापासून मॉलच्या दारापर्यंत आठशे मीटरचा थंडगार पूल आहे. त्यावरून चालताना हिला लोकरीची शाल आठवली. ती साताऱ्याला, कपाटात होती.

आत एक भलंमोठं मत्स्यालय आहे. एक कोटी लिटर पाणी! ज्या गावात प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून घ्यावं लागतं, तिथं माशांचा हा थाट. तिकीट काढून आत जाता येतं आणि तिकीट न काढता काचेच्या बाहेरूनही बघता येतं. आम्ही बाहेरून बघितलं. पाऊण तास बघितलं. एक शार्क तर तिसऱ्या फेरीला मला ओळखायला लागला असावा.

"दाजी, आत जायचं का?" साडूंनी विचारलं.

"छे, इथून देखावा जास्त चांगला दिसतो," मी म्हणालो. धाकटा लगेच पुटपुटला, "तेवीस एके तेवीस..." साडू दुसरीकडे बघायला लागले.

मग त्यांनीच परस्पर दुसऱ्या मॉलमधल्या बर्फाची तिकिटं काढली. १९ मे २०२३ ची ती संध्याकाळ मी विसरणं शक्य नाही. बाहेर वाळवंट, आत खरा बर्फ, मी भाड्याच्या कोटात, समोर पेंग्विन. आणि साताऱ्याहून मॅनेजरसाहेबांचा फोन : रिझर्व्ह बँकेनं दोन हजारांची नोट मागं घेतली, २३ तारखेपासून बदलून द्यायची, काउंटरला हजर व्हा! पुन्हा तेवीसच. थंडीनं माझे दात वाजत होते. त्यांना वाटलं, मी घाबरलो.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा दुबई मॉल. एका दुकानात कन्येनं काचेचा एक गोल उचलला. आत छोटा बुर्ज खलिफा. हलवला की बर्फ भुरभुरतो. तिनं दोनदा हलवला, तिसऱ्यांदा हलवला. मग उलटा करून खालची चिठ्ठी वाचली. एकोणसाठ दिऱ्हम. तिचे ओठ क्षणभर हलले, आणि तिनं तो जिथल्या तिथं, हळूच, आवाज न करता ठेवून दिला.

"घ्यायचाय का गं?" मी विचारलं.

"नको बाबा. तेराशे सत्तावन्न होतात."

रागानं नाही हो, हट्टानंही नाही. एखादा अर्ज नामंजूर करताना मी काउंटरवर ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात. हिशेब बिनचूक होता. तो चुकला असता तर मला फार बरं वाटलं असतं. आठवडाभरात पोरीनं काही मागितलं नव्हतं आणि मी तिला शहाणी समजून खूष होतो. ती शहाणी नव्हती, गुणत होती.

रात्री "दाढीचं ब्लेड आणतो" असं सांगून मी एकटाच मेट्रोनं गेलो आणि तो गोल घेतला. न गुणता. घरी आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला?"

"सेल होता. पंचवीस."

"पाचशे पंच्याहत्तर," ती म्हणाली आणि मग कुठं हसली. पावती हिच्या हाती लागली, पण ही काहीच बोलली नाही. दुबईतलं सर्वांत मोठं आश्चर्य मी तेच धरतो.

जुलैत साडूंची मुलं सुट्टीला सांगलीत आली. मी सगळ्या पोरांना घेऊन गणपती पेठेत गेलो. पाऊस, छत्र्या, हळदीचा वास, रस्त्यात बसलेली एक गाय. साडूंचा थोरला हरखून गेला. "काका, हा मॉल संपतो कुठं?"

"आयर्विन पुलाशी," मी म्हणालो.

भडंग घेतलं, तेव्हाच कन्या काहीतरी पुटपुटत होती. माझं लक्ष नव्हतं. कापड पेठेत तिनं एक फ्रॉक धरला. चिठ्ठीवर तेराशे ऐंशी. मी नेहमीसारखा घसा खाकरला. तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, फक्त साठ दिऱ्हम! दुबईत या पैशात नुसता गोल आला असता."

"गोल तर पंचवीसला..." मी म्हणालो.

"आईनं पावती दाखवली मला," ती म्हणाली आणि फ्रॉक दुकानदाराच्या हातात दिला. "काका, बांधा."