लाइट लावले की काटा चढतो

"लाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर जातो." बाबांचं हे एक वाक्य. चार महिने ते हेच सांगत होते आणि चार महिने कोणी मनावर घेत नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. गाडी १९९९ ची, पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी करावं लागणारं री-पासिंग तिचं तीनदा झालंय. मुक्काम चिपळूण, म्हणजे वर्षातले चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा. बाबा एकाहत्तर वर्षांचे. महिन्यातून एक-दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला आत्याकडे जातात. मेकॅनिकने गाडी बघितली ती दिवसा, अर्थातच लाइट बंद असताना. "काका, काटा बरोबर आहे, तुम्ही उगाच टेन्शन घेता." मग एकदा रात्री परत येताना पेट्रोल संपून गाडी पोफळीच्या अलीकडे बंद पडली. बाबा म्हणाले, काटा पाव टाकी दाखवत होता. दादा म्हणाला, बाबांचे डोळे तपासा आणि गाडी विकून टाका.

म्हणजे आता प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. बाबांना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा होता!

मला मात्र ते वाक्य फार आवडलं. आमच्या धंद्यात 'ॲप चालत नाहीये' एवढाच बग रिपोर्ट येतो. इथे बाबांनी काय केलं की काय होतं ते नेमकं सांगितलं होतं. आता बघा, हेडलाइटचा आणि इंजिनच्या तापमानाचा काय संबंध? काहीच नाही. पेट्रोलचा? तोही नाही. संबंध नसलेल्या गोष्टी एकत्र हलायला लागल्या, की त्या सगळ्यांमध्ये सामायिक काय आहे ते शोधायचं. मीटरमध्ये सामायिक असते ती अर्थ.

गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. प्रत्येक दिव्याला पॉझिटिव्हची वायर स्वतंत्र येते, पण परतीचा रस्ता म्हणजे बॉडीचा पत्रा. मीटरमधून एक काळी वायर निघते आणि डॅशबोर्डच्या आत कुठेतरी थिंबल लावून पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट गंजला की रस्ता अरुंद होतो. मीटर ज्याला शून्य व्होल्ट समजतो ते शून्य राहत नाही, वर उचललं जातं.

गंमत पुढे आहे. मीटरच्या आत एक रेग्युलेटर असतो. तो काट्यांना ठरावीक व्होल्टेज देतो, पण ठरावीक म्हणजे मीटरच्या स्वतःच्या शून्यापासून मोजून. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनवर आणि पेट्रोलचा टाकीत. त्यांची अर्थ वेगळी आणि ठणठणीत. मीटरचं शून्य एक व्होल्ट वर गेलं, की सेन्सरच्या हिशेबाने व्होल्टेज एक व्होल्ट जास्त. करंट वाढतो, दोन्ही काटे वर. लाइट लावले की मीटरमागचे बल्ब पेटतात, त्यांचाही करंट त्याच गंजक्या बोल्टमधून जायला बघतो आणि शून्य आणखी वर चढतं. म्हणजे गरम नसताना गरम आणि टाकी रिकामी असताना पाव भरलेली. बाबांना दिसत होतं ते शंभर टक्के खरं होतं!

आणखी एक खूण मिळाली. पार्किंग लाइट लावले की मीटरमधला इंडिकेटरचा बाण मंद पेटायचा. करंटला सरळ रस्ता मिळेना, म्हणून तो इंडिकेटरच्या दिव्यांमधून आडवाटेने बॉडीपर्यंत पोचत होता.

शनिवारी चिपळूण गाठलं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब मीटरच्या काळ्या वायरवर, काळा थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर. चावी ऑन, लाइट बंद: ०.२ व्होल्ट. लाइट चालू: १.३ व्होल्ट. चांगल्या जोडात हा आकडा ०.१ च्या आत हवा. (इथे रेझिस्टन्स मोजून भागत नाही. ओहमच्या रेंजवर मल्टिमीटर अगदी नाममात्र करंट सोडतो, त्यामुळे दोन तारांवर लटकलेला जोडही पास होतो. लोड टाकूनच बघायचं, सर्व्हरसारखं.)

मग खात्री. एक लांब वायर घेतली, काळ्या वायरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. लाइट चालू असतानाच दोन्ही काटे खाली आले. बाबा शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसला.

दुरुस्ती अगदी साधी. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. मीटरभोवतीची पट्टी उघडून काळ्या वायरचा माग काढला. बॉनेट उघडायच्या खटक्यामागे, पायापाशी बोल्ट सापडला. थिंबलवर हिरवट-पांढरी पूड. थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले, दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि ओल शिरू नये म्हणून वरून व्हॅसलिन फासलं. पुन्हा मोजलं: लाइट चालू असताना ०.०३.

मेकॅनिकने पर्याय सुचवला होता की जुन्या बाजारातून अख्खा मीटर आणून बसवू. तो बसवला असता तरी त्याची काळी वायर त्याच बोल्टला गेली असती. नवा मीटर, तेच खोटं!

दादाचं मत अजून बदललेलं नाही. खरं सांगायचं तर बाबांनी घाटात गाडी चालवणं कधी थांबवायचं, हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. तो आम्ही तिघं बसून बोलू. पण आपल्या माणसाला भास होतात, हे एका गंजक्या बोल्टच्या जोरावर कोणी ठरवू नये. आणि काटा खोटा आहे म्हणून त्याच्याकडे बघायची सवयच सुटली असती, तर इंजिन खरोखर तापलं त्या दिवशी काय झालं असतं?

असो. पावसाळा संपला की पुन्हा एकदा मोजायचंय. मल्टिमीटर चिपळूणलाच ठेवून आलोय. लाल प्रोब कुठे आणि काळा कुठे, ते बाबांनी डायरीत लिहून घेतलंय.