डाव्या बाजूचा आरसा

आरसा समोर आला की माणूस आधी स्वतःचा चेहरा शोधतो. मोटारीच्या दारावरचा आरसा तेवढा याला अपवाद. चालवणाऱ्याला त्यात आपलेच तोंड दिसू लागले, तर आरसा चुकला असे खुशाल समजावे! १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता, की गाडीत एक लहानसा हातातला आरसा ठेवावा. मधूनच तो उचलून मागचा रस्ता न्याहाळता येतो. वेणीफणीचा आरसा असा सावधगिरीच्या कामी आला.

आमच्या गाडीचा डावा आरसा गेल्या श्रावणात, पुण्याच्या गर्दीत, घासून गेलेल्या एका मोटारसायकलने तडकवला. काचेबरोबर सौभाग्यवतींचा धीरही तडकला. आमच्या घरी गाडी चालवते ती तीच. दर शनिवारी साताऱ्याला आजारी आईकडे जाणारी ही बाई म्हणाली, "मी नाही आता त्या गाडीला हात लावायची." दोन शनिवार तसेच गेले. तिची आई फोनवर काही बोलत नसे, नुसते विचारी, "आज वार कोणता गं?"

मी नवी काच आणली. या आरशाची गंमत अशी, की बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. काच प्लॅस्टिकच्या पाठीवर चिकटवलेली, आणि ती पाठ आतल्या क्लिपांवर नुसती दाबून बसवलेली. तिच्यामागे दोन चिमुकल्या मोटरी : एक काच वर-खाली करणारी, दुसरी डावी-उजवीकडे वळवणारी. तडकलेल्या काचेवर चिकटपट्ट्या लावल्या, हातमोजे चढवले. बटण दाबून वरची कड होईल तितकी आत नेली. तशी खालची कड आपसूक बाहेर आली. त्या फटीत प्लॅस्टिकची पाचर घातली आणि एकाच जागी जोर न देता हळूहळू सरकवत गेलो. क्लिपा एकेक करून सुटल्या. मागे दोन बारीक तारा होत्या, काच तापवून तिच्यावरचे दव घालवणाऱ्या. त्या नव्या काचेला जोडल्या, पाठ क्लिपांवर नेमकी धरली आणि मऊ फडक्यावरून तळव्याने मधोमध दाबली. खट्! खट्!

"बसून बघ तरी," मी म्हटले. ती नाखुशीनेच बसली. बटण दाबताच काच हलली आणि त्यातला माझा चेहरा सरकत सरकत नाहीसा झाला.

"अहो, जरा बाजूला व्हा. मागचं काही दिसत नाही!"

इतक्या आनंदाने मी आजवर कधी बाजूला झालो नव्हतो.

ही काच बहिर्वक्र असते. जवळचे तिच्यात लहान आणि दूर भासते. त्या शनिवारी पहाटे गाडी साताऱ्याकडे निघाली, तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. वळणापर्यंत त्या डाव्या आरशात मी तिला दिसत असेन. होतो त्याहून जरा लहान, आणि जरा दूर.