राजा घाट आणि थंडाईचा ग्लास

काशीला गेलात, तर राजा घाटावर जरूर थांबा. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला तो दगडात बांधून घेतला, म्हणून त्याचे जुने नाव अमृतराव घाट. पायऱ्या चढून गल्ल्यांतून गोदौलियाला पोहोचलात, की थंडाईची दुकाने लागतात.

‘ही दारू असते का गं?’ आईने मला तिथेच विचारले. नाही. व्हिस्कीसाठी धान्य आंबवतात, त्याचा अर्क काढतात आणि तो लाकडी पिंपात मुरवतात. थंडाईत काहीच आंबवत नाहीत. बदाम, खसखस, मगज बी, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या हे सारे भिजवून वाटायचे, थंड दुधात मिसळून गाळायचे आणि साखर घालायची.

पण नशेचा प्रश्न इथे संपत नाही. बनारसमध्ये थंडाईत भांगही घालतात. मसाल्यांच्या चवीत ती चटकन कळत नाही आणि तिचा अंमल अर्ध्या ते दोन तासांनी चढतो. तोवर माणूस दुसरा ग्लास मागवून मोकळा होतो! सोबत मुले, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसे असतील, तर आधीच स्पष्ट सांगा, ‘सादी, बिना भांग की.’ ग्लास हातात आल्यावर पुन्हा विचारा. आम्ही विचारले, आणि मग आईने निर्धास्तपणे दोन ग्लास संपवले.