वास तिसऱ्या दिवशी आला

शालेय साहित्याच्या दुकानांत वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं मिळतात. इयत्ता काढायची, विषय काढायचा आणि उतरवून घ्यायचं. ‘सुवाच्य अक्षरात लेखन करतो.’ ‘आपले विचार स्पष्ट शब्दांत मांडतो.’ ‘कविता तालासुरात म्हणतो.’ हल्ली दुकानातही जावं लागत नाही, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ फिरत असते. मुलगी असेल तिथे ‘करते’ लिहायचं, एवढाच बदल. घाईत तोही राहतो, आणि कुणा मुलीच्या प्रगतिपुस्तकात ती वर्षभर ‘तालासुरात म्हणतो’.

यावर हसणं सोपं आहे आणि बैठकांमध्ये हसलंही जातं. माझं मत मात्र असं, की या नोंदी आळसापोटी कमी आणि धास्तीपोटी जास्त उतरवल्या जातात. चौथीच्या मुलाचा भागाकार चुकला तर कुठे चुकला ते आम्ही झोपेतही सांगू. पण त्याच मुलाने लिहिलेल्या दहा ओळी समोर आल्या की पेन अडतं. बऱ्या आहेत की चांगल्या? कुणाच्या मानाने? उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? मग पेन सवयीने ऱ्हस्व-दीर्घाकडे वळतं, कारण तिथे निदान बोट ठेवता येतं.

शिक्षण हक्क कायद्यातून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात त्याची रीत ठरली. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक, म्हणजे वर्गात शिकता-शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाचे, तिसरी-चौथीला ६०. म्हणजे मूल जितकं लहान, तितका वर्गशिक्षकाच्या नजरेवर भार अधिक. विचार चांगलाच होता. पण ती नजर तयार कशी व्हायची, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिता येणार? ९१ ते १०० म्हणजे अ-१ आणि ८१ ते ९० म्हणजे अ-२, हे कोष्टक भिंतीला चिकटवता येतं. ८९ चं लेखन आणि ९२ चं लेखन यांत काय फरक असतो, याबद्दल कोष्टक गप्प असतं.

आमचं केंद्र बागलाणात. कांदा, डाळिंब, काही गावांत द्राक्षं. मुलांच्या घरात अहिराणी, डोंगराकडच्या पाड्यांवर भिलांची नि कोकणांची बोली. महिन्यातून एकदा केंद्राची शिक्षण परिषद भरते. त्यात परिपत्रकं असतात, ऑनलाइन माहिती भरायच्या शेवटच्या तारखा असतात, एखादा नमुना पाठ असतो, चहा असतो. त्यातला एक तास आम्ही काही जणांनी वह्यांसाठी मागून घेतला. केंद्रप्रमुखांनी दिला, बहुधा टिकणार नाही असं समजून.

एका शाळेने पाच मुलांची पानं आणायची. इयत्ता एक, विषय एक, नावं झाकलेली, प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. गुण द्यायचे नाहीत, श्रेणी लिहायची नाही, फक्त पाच पानं वर-खाली लावायची. गुण द्यायचे नाहीत म्हटल्यावर काही जण चक्क अस्वस्थ होतात. पण सुटं पान पाहून त्याला आकडा देण्यापेक्षा दोन पानं शेजारी ठेवून सरस कोणतं ते सांगणं जमतं, हा अनुभव सगळ्यांनाच लवकर येतो. अशा जोडीजोडीच्या तुलनेतून मोजमाप कसं उभं करता येतं, हे लुई थर्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडलं होतं. इंग्लंडमधल्या कितीतरी शाळा आता त्याच तत्त्वावर, संगणकाच्या मदतीने, मुलांचं लेखन तपासतात. आमच्याकडे त्यासाठी सतरंजी आहे.

दहा मिनिटांनंतर प्रत्येकाने आपला क्रम सांगायचा. इथे आम्ही एक नियम केला, आणि माझ्या मते बाकी सगळ्या रीतीपेक्षा तोच महत्त्वाचा ठरला: नोकरीला सगळ्यात अलीकडे लागलेल्याने आधी बोलायचं. नाहीतर ज्येष्ठ गुरुजी ‘हे पान वरचं’ म्हणाले की खोलीतली सगळी पानं आपोआप त्याच क्रमाने लागतात. आदर ही आपल्याकडे चांगली गोष्ट आहे, पण वह्या तपासताना ती दाराबाहेर चपलांशेजारी ठेवावी लागते.

एका परिषदेला चौथीची पानं होती. विषय नेहमीचाच, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्यातलं एक पान देखणं होतं. पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे, सगळीकडे हिरवेगार दिसते, मोर पिसारा फुलवून नाचतात, बेडूक डराव डराव करतात, पाऊस हा शेतकऱ्यांचा मित्र आहे. समास आखलेला, पूर्णविराम जागच्या जागी, वेलांट्या निर्दोष. दुसऱ्या एका पानावर एकही विरामचिन्ह नव्हतं. त्यातली वाक्यं मीच तोडून देते: गारा आल्या. आम्ही चाळीवर कागद टाकत व्हतो. कागद उडी गया. आबा बोलले सोड आता. मंग घरात बसलो. दुसऱ्या दिवशी वास आला नही. तिसऱ्या दिवशी आला.

कोकणातून बदलून आलेल्या एका मॅडमनी हे पान सगळ्यात खाली ठेवलं होतं. त्यांचं कारण सरळ होतं: कळतच नाही. चाळ म्हणजे त्यांना खोल्यांची चाळ वाटली होती आणि कागद म्हणजे वहीचा. शेजारचे सर म्हणाले, “मॅडम, कांद्याची चाळ. आणि उडी गया म्हणजे उडून गेला. प्लॅस्टिकचा कागद असतो तो.” मॅडमनी पान पुन्हा वाचलं. वास कसला, हे त्यांना आता कुणी सांगावं लागलं नाही.

तरीही त्यांनी पान लगेच वर नेलं नाही, आणि हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे इथले, म्हणून तुम्हाला कळतं. वाचणाऱ्याला कळेल असं लिहायला नको का?” प्रश्न रास्त होता. तोवर दुसऱ्या बाजूचे लोक ‘मनाला भिडतं’, ‘अस्सल आहे’ अशा शब्दांवर भागवत होते. हे शब्द आम्ही तासाला बंद केले आहेत. भिडलं असेल तर कुठल्या ओळीवर भिडलं, तिच्यावर बोट ठेवायचं. तेव्हा नुकत्याच लागलेल्या एका शिक्षिकेने शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं. भिजलेला कांदा त्याच दिवशी वास मारत नाही, एवढं या मुलीला माहीत आहे. पण तिने ‘कांदे सडले’ असं लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वास आला नाही, हे वेगळं वाक्य करून लिहिलं आहे. म्हणजे त्या दिवशी घरात कुणीतरी वास येतोय का ते पाहत होतं. “हे तिने मुद्दाम लिहिलं की आपोआप आलं, मला माहीत नाही,” शिक्षिका म्हणाली, “पण मोराच्या पानात असं एकही वाक्य नाही. मोर त्या मुलाने पाहिलाय का, तेही कळत नाही.”

मोराच्या बाजूनेही एक सर ठाम उभे राहिले. ते पान पाठ केलेलं असेलही, पण दहा वाक्यं सलग, न भरकटता लिहिणं ही चौथीत लहान गोष्ट नाही. ज्या घरात लिहिण्यावाचण्याची सवयच नाही, तिथल्या मुलासाठी नमुन्याबरहुकूम लिहिणं हीसुद्धा पायरी आहे, ती हिणवू नका. मला तेव्हा ते पटलं आणि अजूनही पटतं. आमच्यासारख्या उत्साही मंडळींना ‘अनुभवाचं लेखन’ म्हटलं की साध्या नेटक्या कामाची किंमत दिसेनाशी होते.

त्या दिवशी एकमत झालं नाही. झालं ते असं, की ‘लेखन’ म्हणून एकाच डब्यात टाकलेल्या गोष्टी वेगळ्या निघाल्या. सांगण्यासारखं काही आहे का. ते क्रमाने आलंय का. परक्या वाचणाऱ्याला पुरेसं दिलंय का. आणि मग लेखननियम. गारांचं पान पहिल्या दोन बाबतींत वर, तिसऱ्यात मधे, चौथ्यात तळाला. त्या मुलीच्या शिक्षकांनी तिथेच नोंद लिहिली: घडलेलं क्रमाने सांगते, बारकावे टिपते, वाक्य संपल्याची खूण अजून वापरत नाही. अशी नोंद कुठल्या छापील पुस्तकात सापडणार नाही, आणि तिच्यातच पुढच्या आठवड्याचं काम लिहिलेलं आहे. मुलीला तिचं लेखन मोठ्याने वाचायला लावायचं आणि जिथे थांबते तिथे तिनेच टिंब द्यायचं.

लेखननियमांवर आमचे सगळ्यात जास्त तास गेले असतील. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे आणखी ४, असे १८ नियम. ते शिक्षकांनाच किती येतात, हा विषय चारचौघांत काढू नये असा. तरी आम्ही काढला. चौथीच्या मुलाकडून काय मागायचं? शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हे मागता येतं. ‘पाणि’ लिहिलं तर खूण करायची. ‘परिक्षा’ची मधली वेलांटी मात्र संस्कृतातून आलेल्या शब्दाची आहे, तो शब्द डोळ्यांनी वारंवार पाहिल्याशिवाय बसत नाही, तिथे चौथीत गुण कापून उपयोग नाही. ‘व्हतो’ आणि ‘नही’चं काय करायचं, यावर दोन तट पडले ते पडलेच. मी स्वतः आबांच्या तोंडचं वाक्य अहिराणीत आलं तर त्याला हात लावत नाही, निवेदनातलं ‘व्हतो’ मात्र वहीच्या कडेला ‘होतो’ असं लिहून दाखवते आणि गुण कापत नाही. काही जणांना हा लाड वाटतो.

शिक्षकांचं एकमेकांशी पटत नाही, ही काही आमच्या केंद्राची मिरास नाही. एजवर्थ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये एक लॅटिन उतारा २८ जाणकार परीक्षकांकडे दिला, तर गुण ४५ पासून १०० पर्यंत आले. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शाळांतून तपासून घेतली. कुणी ५० दिले, कुणी ९७. हे आकडे मी परिषदेत फळ्यावर लिहिले तेव्हा एक गुरुजी खुशीत म्हणाले, “म्हणजे आपण एकटेच नाही!” पुष्कळांची धास्ती त्या एका फळ्याने उतरली. आपल्याला जमत नाही असं प्रत्येकाला आपापल्या वर्गात, दार लावून, एकेकट्याने वाटत होतं.

शासनाच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांबरोबर उत्तरसूची येते, कशाला किती गुण ते तिच्यात असतं. काम त्याने सोपं होतं, आणि मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तरसूची हाताशी असतानाही मोकळ्या लेखनाचा प्रश्न आला की दोन शिक्षक दोन गुण देतात. फरक एवढाच, की दोघांनाही आपलंच उत्तरसूचीप्रमाणे आहे असं वाटतं. सूचीतल्या ‘मुद्देसूद’ या शब्दाखाली काय बसतं, हे चार वह्या समोर ठेवून एकमेकांशी वाद घातल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही वाद झालेली पानं एका फाइलमध्ये लावून ठेवतो, प्रत्येकाबरोबर कोण काय म्हणालं ते दोन ओळींत. नव्याने आलेल्या शिक्षकाला आधी ती फाइल देतो. त्यात कौल कमी, भांडणं जास्त आहेत.

या तासाने सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. काही शाळांतून अजूनही त्यातल्या त्यात सुंदर अक्षराचीच पानं येतात. काही जण ऐकतात, मान डोलावतात आणि शाळेत जाऊन पीडीएफच उघडतात. निवडणुकीची कामं आणि सर्वेक्षणं लागली की परिषदेत सगळ्यात आधी हाच तास उडतो. फरक दिसतो तो पालकांसमोर. मध्यंतरी एक वडील शाळेत आले, “मॅडम, मना पोरले ब कसा दिधा?” पूर्वी अशा वेळी अक्षराचं कारण पुढे केलं जायचं, किंवा श्रेणी गुपचूप वाढायची. आमच्या त्या मॅडमनी वही उघडली, दोन महिन्यांपूर्वीचं पान आणि कालचं पान शेजारी ठेवलं आणि मुलाकडूनच दोन्ही वाचून घेऊन वडिलांना ऐकवलं. वडील दुसऱ्या पानावर हसले. ब वर त्यांचं समाधान झालं की नाही कोण जाणे, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जाताना मात्र हे लिहायला घरी काय करून घेऊ, ते विचारून गेले.

पुढच्या महिन्यात सहावीचं पत्रलेखन घ्यायचं ठरलंय. विषय मामाला पत्र. एका सरांनी आत्ताच ग्रुपवर बजावून ठेवलंय, की मायना, दिनांक आणि पत्ता यांना किती गुण ते आधी ठरवा, नाहीतर मी येणार नाही. त्यांना कळवलंय, की आधी मामाला काय लिहिलंय ते वाचू. सर येणार आहेत. त्यांच्याच शाळेची पानं आहेत.