साठ जुनी, सतरा नवी

इतवारी, नागपूर

चि. अमेय,



स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन फंक बँडचा ‘हायर!’ हा बॉक्स सेट घेऊ की नको, असं तू विचारलंस आणि सोबत किंमतही कळवलीस. ती तुझ्या एका महिन्याच्या घरभाड्याएवढी आहे, म्हणून उत्तर घाईत लिहिलं नाही. आधी निकाल सांगतो, मग कारणं. घे. पण सीडीचा घे, रेकॉर्डींचा जाडजूड संच नको. आणि हाती आल्यावर लगेच ऐकायला बसू नकोस.

हा संच २०१३ साली निघाला. चार सीडी, ७७ गाणी, त्यातली १७ पूर्वी कधीच बाहेर न आलेली. इतवारीच्या बाजारात वाढलेला माणूस पहिल्यांदा हाच हिशेब मांडणार, की १७ नव्या गाण्यांसाठी ७७ चे पैसे का मोजायचे? उरलेली ६० तर फोनवर कुठेही मिळतात. पण या हिशेबात एक गोष्ट सुटते. त्या ६० मधली बरीच गाणी सिंगल्सच्या मूळ मोनो मिक्समध्ये आहेत, आणि माझ्या मते या डब्यातला खरा माल तोच आहे.

मोनोचं एवढं काय, असं तुला वाटेल. त्या काळी अमेरिकेत सिंगल वाजायची ती गाडीतल्या रेडिओवर आणि हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर. दोन्हीकडे आवाज बहुतेक मोनोच. त्यामुळे मिक्स करणाऱ्याला बास, ड्रम, ट्रम्पेट, चार-पाच जणांचे आवाज, सगळं एकाच तोंडातून बाहेर काढावं लागे आणि तरी प्रत्येक वाद्य वेगळं कळलं पाहिजे. त्यासाठी तो एकेकाला रेटून पुढे आणायचा. त्याच गाण्याच्या स्टीरिओ मिक्समध्ये ड्रम एका कानात, आवाज दुसऱ्या कानात असा प्रकार बरेचदा सापडतो. हेडफोन लावला की बँड मधोमध चिरल्यासारखा वाटतो. फंकचं सगळं बळ बास आणि ड्रम एकाच क्षणी एकाच जागी पडण्यात आहे. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून पहिल्या मात्रेवर सगळं वजन मागायचा. त्या मात्रेवर बास आणि ड्रम वेगवेगळ्या कानांत पडले तर अंगाला काही जाणवत नाही. मोनोत जाणवतं.

तू ऑफिसनंतर बास वाजवतोस, म्हणून या बँडचा बासवादक लॅरी ग्रॅहम याच्याबद्दल थोडं लांबण लावतो. तो लहान वयात आईच्या बँडमध्ये वाजवायचा. आई पियानोवर गायची, सोबत ड्रम आणि हा. पुढे ड्रमर राहिला नाही, दोघंच उरली. मग ड्रमची जागा भरायला ह्याने बासची जाड तार अंगठ्याने ठोकायला सुरुवात केली, म्हणजे पायाच्या ड्रमचा ठोका आला. बारीक तार बोटाने उचकटून सोडली की स्नेअरचा फटका आला. आज जगभरची पोरं ज्याला स्लॅप म्हणून शिकतात ते या नडीतून निघालेलं आहे. १९६९ च्या डिसेंबरात आलेल्या ‘थँक यू’ या सिंगलमध्ये ते पूर्ण तयार होऊन उभं आहे. ती सिंगल तू शंभरदा ऐकली असशील. आता या संचात मागे, १९६७-६८ च्या गाण्यांत जा आणि फक्त त्याच्या उजव्या हाताकडे कान ठेव. कुठे नुसता बोटांनी चालतोय, कुठे अंगठा लागला, कुठे ड्रमरशी अजून जमलेलं नाही, हे सगळं ऐकू येतं. कोणत्याही क्लासमध्ये तुला हे शिकवणार नाहीत.

न आलेल्या १७ गाण्यांबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेव. बाहेर न आलेलं गाणं बहुतेक वेळा बँडनेच बाजूला काढलेलं असतं आणि त्यांचं बरोबरच असतं. त्यात दुसरं ‘एव्हरीडे पीपल’ सापडणार नाही. ‘दुर्मीळ’ हा शिक्का विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. एखादी चीज दुर्मीळ असल्यामुळे चांगली होत नाही, आणि संग्राहकांच्या जगात हा घोळ फार होतो. माझा निकष वेगळा आहे. न आलेलं गाणं ऐकून आलेलं गाणं जास्त कळतं का? या बँडच्या बाबतीत कळतं. त्यांचा पहिला अल्बम ‘अ होल न्यू थिंग’ १९६७ साली आला आणि चालला नाही. तेव्हा एपिकची मूळ कंपनी सीबीएसच्या क्लाइव्ह डेव्हिसने बँडप्रमुख स्लायकडे लोकांना चटकन भिडेल असं काहीतरी मागितलं आणि १९६८ साली ‘डान्स टू द म्युझिक’ हा अल्बम आला. हुशारी दाखवणारा बँड वर्षभरात नाचवणारा बँड झाला. मधल्या काळात नेमकं काय झालं हे दोन्ही अल्बम ऐकून कळत नाही. टाकून दिलेल्या गाण्यांत त्याचा माग लागतो.

संचाची सुरुवात १९६४ च्या आसपासच्या गाण्यांनी होते, म्हणजे फॅमिली स्टोन जन्मायच्याही आधी, स्लाय ऑटम रेकॉर्ड्ससाठी दुसऱ्यांची गाणी बसवत होता तेव्हापासून. ती एकदा ऐक आणि पुढे हो.

लगेच ऐकू नकोस म्हणालो ते यासाठी, की आधी ‘स्टँड!’, ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ आणि ‘फ्रेश’ हे तीन अल्बम अख्खे, अनुक्रमाने, फोन बाजूला ठेवून ऐकलेले हवेत. १९६९, १९७१, १९७३. त्यातलं ‘रायट’ तर खास. ड्रमर निघून गेलेला, स्लायने बरीच वाद्यं स्वतःच वाजवलेली, ठेक्यासाठी रिदम मशीन लावलेलं. पुसून पुसून आणि त्यावर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून टेप इतकी झिजली की सगळा अल्बमच धुळीतून ऐकल्यासारखा येतो. तरी त्या काळातलं दुसरं काही मला त्याच्या जवळ जाणारं वाटत नाही. हे अंगात मुरल्याशिवाय बॉक्स सेट उघडलास तर ७७ गाण्यांच्या ढिगाऱ्यात हरवशील. २०२५ च्या जूनमध्ये स्लाय गेला. त्यानंतर नवे नवे संच निघतील, दुकानदार भाव चढवतील. तू त्या घाईत पडू नकोस.

आता जे मनात आहे ते लिहितो. तुझं पत्र वाचल्यापासून दुसराच एक डबा माझ्या डोक्यात आहे, आणि तो कुणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

संगीतकार रामलक्ष्मण हे नाव तुला ‘मैंने प्यार किया’मुळे माहीत असेल. त्यातले लक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. घरातच वडील आणि काकांकडे संगीत शिकले, अकॉर्डियन आणि पियानोवर हात बसला, ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. सोबतीला सुरेंद्र, म्हणजे राम. दादा कोंडके यांनी या जोडीला ‘पांडू हवालदार’ दिला, १९७५ साली. मग राजश्रीचा ‘एजंट विनोद’ आला. तो १९७७ साली पडद्यावर लागला, पण त्याच्या आधीच, १९७६ मध्ये, राम वारले. पाटलांनी पुढे सगळी कारकीर्द एकट्याने केली आणि नाव मात्र दोघांचं ठेवलं. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ला फिल्मफेअर मिळालं, २०१८ चा राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला. २२ मे २०२१ ला ते नागपुरातच गेले. कोरोनाचे दिवस होते, बातमी आली आणि वाहून गेली.

मला त्यांची १९७५ ते १९८२ ची सात-आठ वर्षं फार मोलाची वाटतात. एकीकडे दादांचे सिनेमे, ढोलकी आणि उषा मंगेशकर, महेंद्र कपूर. दुसरीकडे हेरपट, म्हणजे ब्रास, बाँगो, गिटार. दोन्ही एकाच माणसाच्या हातातून एकाच वेळी निघत होतं. ऑर्केस्ट्रात वाढलेल्या वादकाला हे जमतं, कारण स्टेजवर त्याला लावणीनंतर पुढच्याच मिनिटाला कॅबरे वाजवायचा असतो. तिकडे लॅरी ग्रॅहमला आईच्या बँडने घडवलं, इकडे आपल्या माणसाला गणपतीतल्या ऑर्केस्ट्राने.

माझ्याकडे त्या काळातल्या थोड्या ईपी आहेत. सात इंची, बाजूला एक किंवा दोन गाणी. बहुतेक सगळ्या लाउडस्पीकरवाल्यांच्या हातून आलेल्या, कारण आपल्या भागात रेकॉर्डी विकत घ्यायचे तेच. लग्न, बारसं, गणपती, सगळीकडे त्यांचा भोंगा. कव्हरच्या कोपऱ्यात ऑइलपेंटने आकडा घातलेला असतो, अंधारातही पेटीतून नेमकी रेकॉर्ड उचलता यावी म्हणून. ट्यूबलाइटखाली तिरपी धरली की दिसतं, लोकांना जे गाणं हवं होतं त्या बाजूच्या खाचा राखाडी पडल्या आहेत आणि उलटी बाजू काळीभोर, चकचकीत. जड सुईने शेकडो वेळा तेच गाणं खरवडलंय. वाजवलं की सुरुवातीचा सगळा तुकडा खरखरीत जातो, मग ढोलकी वर येते. कोणतं गाणं किती चाललं याचा याहून खरा पुरावा मला माहीत नाही.

आणि ईपीवर येतं ते अख्खं गाणं नव्हे. एका बाजूला मोजकीच मिनिटं मावतात, म्हणून सिनेमातले मधले नाचाचे तुकडे, कधी एखादं अख्खं कडवं रेकॉर्डीवर गळतं. सिनेमातलं पार्श्वसंगीत तर रेकॉर्डीवर येतच नसे. म्हणजे आपल्याकडची ‘न आलेली’ गाणी कंपनीच्या कपाटात पडलेली नाहीत, ती सिनेमाच्या प्रिंटमध्ये संवादांच्या खाली दबलेली आहेत. प्रिंट गेली की तीही गेली. एपिककडे १९६७ च्या टेपा होत्या, कुणीतरी त्यांना नंबर घालून शाबूत ठेवलं, म्हणून ४६ वर्षांनी हा डबा निघू शकला. तू पैसे देतोयस ते त्या सांभाळण्यालाही देतोयस असं समज. माझ्या दृष्टीने सेट घ्यायचं हेही एक कारण आहे.

असं सांभाळण्याचं काम आपल्या वादकांसाठीही झालंय, पण बहुतेक परदेशात. मुंबईचे चरणजित सिंग स्टुडिओतले वादक. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली आणि ती कुणी विचारली नाही. २०१० साली हॉलंडच्या बॉम्बे कनेक्शनने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे जगभर बोलबाला झाला. म्हातारपणी त्यांना परदेशात कार्यक्रम मिळाले. ती रेकॉर्ड आपल्याकडच्या किती कबाड्यांकडे किलोने गेली असेल, याचा विचार केला की पोटात ढवळतं. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी याद्या करणं, लेख छापणं, जुन्या तबकड्या ऐकवणं हे काम नेटाने करतात. पण त्यांचा जीव मुख्यतः ७८ आरपीएम तबकड्यांच्या काळात, शास्त्रीय आणि नाट्यसंगीतात आहे, आणि ते बरोबरही आहे, कारण ते सगळ्यात जुनं. सत्तरच्या दशकातल्या मराठी सिनेमाच्या ईपींना अजून कुणी वाली नाही. दादांच्या सिनेमांना लोक हसले आणि त्याखालचं संगीत हलकं समजून सोडून दिलं. मला ते मान्य नाही. ते वाजवणाऱ्यांचे हात हलके नव्हते.

म्हणून तुझ्याकडून एक हवंय. पोळ्याला येशील तेव्हा तुझा तो ऑडिओ इंटरफेस आणि एक रिकामी हार्ड डिस्क आण. माझ्या ईपी एकेक करून उतरवून घेऊ, दोन्ही बाजू, खरखर न काढता. खरखर पुढे कधीही काढता येते, पण तिच्यासोबत निघालेली ढोलकी परत घालता येत नाही. प्रत्येकीच्या लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक वहीत लिहायचा. मग त्याच सिनेमांच्या मिळतील त्या प्रती लावून गाण्यांची लांबी ताडून पाहू. कुठे किती कापलंय त्याची यादी झाली तरी पुढे कुणी डबा काढायला निघाला तर त्याच्या हाती काहीतरी असेल. मस्कासाथकडच्या एका घरात पेटीभर रेकॉर्डी आहेत असं कळलंय, त्यांच्याकडे शब्द टाकून ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, सगळी इतवारी रस्त्यावर असते, त्या दिवशी काम होणार नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच पोहोच.

‘हायर!’ची ऑर्डर देण्याआधी विकणाऱ्याला विचार, आतलं पुस्तक सोबत आहे ना आणि चारही सीडींचे मागच्या बाजूचे फोटो पाठवतो का. पुस्तकाशिवाय घेऊ नकोस. कोणतं गाणं कोणत्या सेशनचं ते त्यातच आहे. कस्टमचे किती लागतील तेही आधीच काढ. तुझ्याकडे सीडी प्लेअर नाही हे मला माहीत आहे, इथला मी दुरुस्तीला टाकतो.

ताईला नमस्कार सांग. तिच्या माहेरच्या ट्रंकेत ‘पांडू हवालदार’ची एक ईपी होती, ती कुणाकडे गेली हे तिला आठवतं का, विचार.

तुझा,
मामा