जरा टेकावे म्हणून

सहामाही परीक्षा जवळ आली, की आमच्या वसतिगृहाला ताप चढतो. यंदा तो मला जरा जास्तच चढला. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकात कुठेतरी अडकलेला, नोट्स मोबाईलवर, परीक्षेच्या सूचना मोबाईलवर आणि 'तुझे किती वाचून झाले?' हा मैत्रिणींचा प्रश्नही मोबाईलवरच! घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. नापास होणे मला परवडणारे नाही. पण पुस्तक उघडावे तो फोन किणकिणे, आणि फोन बाजूला ठेवावा तो अक्षरे दिसेनाशी होत.

शेवटी एका रविवारी फोन बंद करून ट्रंकेत टाकला, कुलूप लावले आणि अजिंक्यताऱ्याची वाट धरली. मानसशास्त्राच्या बाईंनी वर्गात सांगितले होते, की जपानच्या वनखात्याने १९८२ साली लोकांपुढे 'शिनरिन-योकू'ची कल्पना मांडली. शिनरिन-योकू म्हणजे वनस्नान. झाडांत नुसते हिंडायचे, वास घ्यायचे, आवाज ऐकायचे. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे उन्हाळ्यात साध्या स्नानाचे पाणीही मोजून घ्यावे लागते. तेव्हा हे कोरडे स्नान मला फारच पसंत पडले.

वर जाऊन तटाच्या कडेला बसले. पहिला अर्धा तास हात सारखा पिशवीकडे जाई आणि रिकामाच परत येई. मग तोही कंटाळला. खाली सातारा पसरलेला, पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर. एक घार पंख न हलवता घिरट्या घालत होती. गवताला ओलसर वास होता. किती वेळ गेला कळले नाही. उठले तेव्हा लक्षात आले, की इतके दिवस आवळून धरलेले दात सैल झाले आहेत.

खोलीवर येऊन फोन चालू केला. अण्णांचे सहा कॉल! पायांतले बळच गेले. थरथरत फोन लावला.

"काय न्हाई गं. हस्ताचा पाऊस झाला. म्हटलं तुला सांगावं. कुठं हुतीस?"

"गडावर. जरा बरं वाटावं म्हणून."

बोलले आणि जीभ चावली. जन्मभर रानात राबणाऱ्या माणसाला मी, रानात जाऊन विसावा घेतला, असे सांगत होते! महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात. पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. हस्त बरसला तर रब्बीची ज्वारी. मी निकालाच्या कागदाकडे बघते, तसे अण्णा ढगाकडे बघतात. मोकळी हवा त्यांना कधी कमी पडली नाही, पण विसावा घेताना मी त्यांना पाहिलेले नाही.

त्या रात्री मला उमगले, की गडावर मला बरे वाटले ते केवळ हिरवाईमुळे नव्हे. तिथले गवत माझे नव्हते. ते वाढो वा वाळो, मला कुणाला हिशेब द्यायचा नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णा मला न्यायला आले. संध्याकाळच्या एसटीला अवकाश होता. मी त्यांना गडावर घेऊन गेले. वर पोचताच ते म्हणाले, "केवढा चारा हाय गं हितं!" मग दोन म्हशींना तो किती दिवस पुरेल, याचा हिशेब झाला. मग तटाला पाठ टेकून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोलणे हळूहळू थांबले.

बऱ्याच वेळाने त्यांच्या खिशातला फोन वाजला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांची नजर वर घारीवर होती.

"वाजू दे," अण्णा म्हणाले.