कार्डाला झेपेल तेवढंच

पालघर

प्रिय बाय,



तू पाठवलेला फोटो पाहिला. तारापूर एमआयडीसीतल्या तुमच्या लॅबमधल्या एचपीएलसी यंत्राला जोडलेला जुना पीसी, त्याच्यासमोर कोरा करकरीत चोवीस इंची मॉनिटर आणि काळ्या पडद्यावर मधोमध एका चौकटीत ‘आउट ऑफ रेंज’. खाली तुझा प्रश्न : मामा, ग्राफिक्स कार्ड बदलू का?

नको बदलूस. पत्र वाचून होईपर्यंत केसिंगच्या स्क्रूलाही हात लावू नकोस. फोनवर सांगायला गेलो तर ‘हो मामा, हो मामा’ म्हणशील आणि दुपारी पर्चेसकडे नव्या पीसीची मागणी पाठवून मोकळी होशील, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी एवढंच बघ. पीसी चालू केल्याबरोबर, रॅम मोजतानाची काळ्यावरची पांढरी अक्षरं दिसतात का? दिसत असतील तर कार्ड, केबल, मॉनिटर तिघंही धडधाकट आहेत. ती अक्षरं 720 बाय 400 च्या टेक्स्ट मोडमध्ये, सेकंदाला 70 वेळा येतात आणि आजचे बहुतेक मॉनिटरही ती ओळखतात. गडबड विंडोज सुरू झाल्यावर होते. तुमच्या आधीच्या जाडजूड सीआरटीवर कुणीतरी रिफ्रेश रेट 85 हर्ट्झ करून ठेवला असणार. तेव्हा सगळेच करायचे, कारण 60 वर त्या काचेची लुकलुक डोळ्यांत खुपायची. एलसीडीला ती भानगड नाही, म्हणून तुमच्यासारख्या साध्या ऑफिस मॉनिटरची हद्द बहुधा 75 च्या आसपास संपते. कार्ड अजून जुन्या सवयीने 85 ने चित्र पाठवतंय आणि मॉनिटर ते घ्यायला तयार नाही. विंडोज एक्सपी सुरू होताना एफ-8 दाब, यादीतून ‘एनेबल व्हीजीए मोड’ निवड, आत गेलीस की डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ कर. बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

तुमच्या मॉनिटरला अजून व्हीजीएचं निळं सॉकेट आहे हेही नशीबच म्हण. इंटेल, एएमडी आणि मॉनिटर बनवणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर 2010 मध्येच जाहीर केलं होतं की 2015 पर्यंत व्हीजीए मोडीत काढायचं. उद्या सॉकेट नसलेला मॉनिटर गळ्यात पडला तर मधे कन्व्हर्टर लागेल, आणि तो ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हवा. दुकानदार हमखास उलटा देतात, ‘एचडीएमआय टू व्हीजीए’. दिसायला दोन्ही सारखे, पण प्रत्येकातून चित्र एकाच दिशेने जातं. आणखी एक, तुमच्या नव्या साहेबांना तो जुना पीसी म्हणजे कंजूषपणा वाटत असेल तर त्यांना सांग की मोजमापाचं सॉफ्टवेअर त्या जुन्या विंडोजवरच चालतं, यंत्राचं इंटरफेस कार्ड बसेल असा स्लॉट नव्या मदरबोर्डवर मिळत नाही, आणि पीसी बदलला की व्हॅलिडेशनची सगळी कागदपत्रं पहिल्यापासून करावी लागतात.

आता साहेब दुसरा प्रश्न विचारणारच : फुल एचडी मॉनिटर घेतलाय, तर फुल एचडी का दिसत नाही? ह्याचं उत्तर देण्यासाठी थोडं गणित.

आयबीएमने 1987 मध्ये व्हीजीए आणलं तेव्हा 640 बाय 480 ठिपक्यांचं चित्र होतं, पण कार्ड प्रत्यक्षात मोजायचं 800 बाय 525. जास्तीचे ठिपके पडद्यावर दिसतच नाहीत. सीआरटीतला किरण एक ओळ रंगवून पुन्हा डावीकडे यायचा, तळाशी पोचला की वर जायचा, त्यासाठी ती मोकळी जागा. शेतात नांगर वळवायला बांधाशी पट्टा सोडतात ना, तसं. 800 गुणिले 525 गुणिले साधारण 60 केलं की 25.175 मेगाहर्ट्झ येतात. ह्याला पिक्सेल क्लॉक म्हणतात आणि खरी मर्यादा तीच. फुल एचडीत 1920 बाय 1080 दिसतात, मोजले जातात 2200 बाय 1125, म्हणजे 148.5 मेगाहर्ट्झ. एलसीडीत किरणच नसल्यामुळे बांधाचा पट्टा अरुंद करता येतो, त्याला रिड्यूस्ड ब्लँकिंग म्हणतात. मग 138.5 वर भागतं.

कार्डाच्या बाजूला ठिपक्यांचे आकडे विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग असतो, रॅमडॅक. त्याचा वेग ठरलेला. माझ्या खोक्यात एस-थ्री ट्रायो-64 आहे, नव्वदच्या दशकातलं, एकेकाळी घरोघरी असलेलं कार्ड. त्याचा रॅमडॅक 135 मेगाहर्ट्झचा. म्हणजे फुल एचडी साडेतीन मेगाहर्ट्झने हुकलं! रिफ्रेश 60 वरून 58 केला तर हिशेब 134 वर येतो आणि कागदावर तरी बसतो. मेमरीचंही तसंच. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके. 256 रंगांत प्रत्येकाला एक बाइट. दोन एमबीत 20,97,152 बाइट मावतात. जेमतेम मावलं, पण रंग 256 च. सोळा बिटांचे रंग हवे तर चार एमबी, बत्तीस बिटांना आठ. उलट 1999 चं मॅट्रॉक्स जी-400 घे. त्याचा रॅमडॅक 300 मेगाहर्ट्झचा, त्याला फुल एचडी म्हणजे काहीच नाही. सांगायचं एवढंच की ‘जुनं कार्ड’ असा एक प्रकार नसतो. चिपवरचा नंबर वाचल्याशिवाय कुणाला बोल लावू नये.

क्लॉक पुरतोय, मेमरी पुरतेय, तरी यादीत 1920 बाय 1080 दिसत नाही, असंही होतं. त्या काळी रुंद पडदेच नव्हते, म्हणून कार्डाच्या बायॉसमधल्या तक्त्यात बहुतेक 4:3 चेच मोड. विंडोजवर ‘पॉवरस्ट्रिप’ नावाच्या प्रोग्रामने हवा तो मोड हाताने भरता येतो, लिनक्सवर मोडलाइन लिहून. शिवाय मॉनिटर आपली माहिती कार्डाला केबलच्या 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून कळवतो. स्वस्त केबलीत नेमक्या त्याच तारा गाळलेल्या असतात. आणि 1366 बाय 768 चा पडदा चुकूनही घेऊ नकोस. व्हीजीएच्या घराण्यातली कार्डं आडवी मोजणी आठ-आठ ठिपक्यांनी करतात, 1366 ला आठाने भाग जात नाही. कार्ड 1360 पाठवतं नाहीतर 1368, आणि अक्षरं कुठे जाड कुठे बारीक दिसतात.

हे सगळं येतं म्हणून करायचंच असं नाही. घरी हौसेसाठी करतेस तर कर, मी रात्रभर सोबत बसेन. लॅबमध्ये नको. तुमचं सॉफ्टवेअर 1024 बाय 768 डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं आहे. फुल एचडीवर त्याची बटणं मुंगीएवढी होतील आणि आलेखातून तसूभरही जास्त माहिती मिळणार नाही. तेच चित्र मॉनिटरकडून ताणून घेतलं तर ते पसरट आणि धुरकट दिसतं, कारण 768 ओळींच्या 1080 करताना पूर्ण पट बसत नाही. मॉनिटरच्या मेन्यूत 4:3 कर, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ देत. त्याहून उत्तम म्हणजे सतरा किंवा एकोणीस इंची, 1280 बाय 1024 ची जुनी एलसीडी शोध. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंड हँड मिळेल. नवा मॉनिटर साहेबांच्या टेबलावर जाऊ दे.

झेपेल तेवढंच चालवणं आपल्या भागाला नवीन नाही. तारापूर अणुवीज केंद्राचे 1969 मधले पहिले दोन संच 210 मेगावॅटचे म्हणून आले, पुढे 160 वर चालवले, आणि तसेच दशकानुदशकं चालले. ह्यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

ह्या निमित्ताने एक अवांतर. जुन्या कार्डांच्या गप्पांत पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाचं नाव कुणी घेत नाही, ह्याचा मला राग आहे. संस्था 1988 ची, कार्डाचं मूळ आयआयटी कानपूरमधल्या कामात. डॉसच्या टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर आणि आकार एकूण 256. त्यात वेलांटी, रफार, जोडाक्षरं बसवायची कुठे? म्हणून पीसीच्या स्लॉटमध्ये वेगळं कार्ड घालून देवनागरी पडद्यावर आणली. आज ती कार्डं भंगारात गेलीत. तुला कुठे एखादं दिसलं तर वजनाच्या भावाने का होईना, उचलून आण.

तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या वायरकट मशीनचं विचारलं होतंस. त्याच्या मागचं सॉकेट आधी मोज. पंधरा पिना असतील तर वर लिहिलंय तेच. नऊ असतील तर ते व्हीजीए बहुधा नाहीच, सीजीए नाहीतर ईजीए. तिथे रंगाचा सिग्नल पाच व्होल्टचा असतो आणि व्हीजीएला 0.7 व्होल्ट लागतात. सरळ तारा जोडून मॉनिटर जाळू नका म्हणावं. जीबीएस-8200 नावाचा छोटा बोर्ड मिळतो, पण त्याच्याआधीही व्होल्टेज उतरवणारे रेझिस्टर लावावेच लागतात. जुना सीआरटी उघडायचा तर नाहीच. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट दबा धरून असतात.

केसिंग उघडायची वेळ आलीच तर कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुस. समुद्राची खारी हवा आणि वर एमआयडीसीचा धूर, त्यामुळे तुमच्याकडे तांबं लवकर काळं पडतं, आणि बऱ्याचदा ‘कार्ड मेलं’ म्हणतात ते तेवढंच असतं. फुगलेले कपॅसिटर दिसले तर मात्र फोटो पाठव.

उद्या कामाला गेलीस की मॉनिटरच्या पुस्तकातलं किलोहर्ट्झ आणि हर्ट्झचं पान पाठव. क्यूएला विचारून चेंज कंट्रोलचा फॉर्म भर, फक्त मॉनिटर बदलला असं लिही. आणि रविवारी मी बोईसरला येतोय म्हणून आईला सांग. जेवताना कॉम्प्युटरचा विषय काढायचा नाही, हे तिने फोनवर बजावून ठेवलंच आहे. आपण जेवणाआधी बोलू.

तुझा मामा